वाड्याच्या कड्या, फिशटँकचा स्टँड आणि आठ महिने

कडीवाला, १५ डिसेंबर

मार्चमध्ये ऑफिसातल्या एका मित्राची बदली झाली आणि जाताजाता त्याने तीन फुटी काचेची टाकी माझ्या गळ्यात मारली. टाकी फुकट. तिच्याखालचा लोखंडी स्टँड मात्र असा गंजलेला, की पायावर नख मारलं तरी पापुद्रा निघायचा. "नवा घे, दोन-अडीच हजारात येईल," हे त्याचं म्हणणं. घेतलाही असता. पण त्याच रविवारी मेहुण्याला दाराची जुनी चौकट हवी होती म्हणून त्याच्याबरोबर जुन्या लाकडाच्या दुकानात गेलो, आणि तिथे पाडलेल्या एका वाड्याचा कडीपाट (छताच्या लाकडी कड्या, म्हणजे तुळया, आणि फळ्या) ढिगाने पडलेला दिसला. चुना, धूर, कोळिष्टकं, वर कधीकाळी मारलेला निळा ऑइलपेंट. दुकानदाराने एका कडीवर रंध्याचे दोन हात मारले. आत गुळाच्या ढेपेचा रंग आणि तेलकट सागाचा तो वास. झालं, तिथेच फसलो.

आठ फुटी, चार बाय तीन इंची तीन कड्या घेतल्या. हिशेबाला बरोबर दोन घनफूट. मेहुण्याची चौकट राहिलीच.

इथे बरेच जण मासे पाळतात, काही जण सुतारकामही करतात, म्हणून काय केलं आणि काय चुकलं ते सविस्तर लिहितोय. मी सुतार नाही, बँकेत आहे. हे ध्यानात ठेवून वाचा.

आधी वजन. पाणी आपण बादलीने मोजतो, त्यामुळे ते जड आहे हे लक्षातच येत नाही. टाकी ३६ बाय १८ बाय १८ इंच, काठोकाठ भरली तर १९० लिटर. वर दोन इंच मोकळे सोडले, वाळू-दगडांनी जागा खाल्ली, तरी १६० लिटर म्हणजे १६० किलो उरतंच. काच ८ मिमीची. काचेचं वजन काढायची सोपी रीत आहे: एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. तळ आणि चार बाजू मिळून ३३ किलो भरली. वाळू २५, दगड आणि आतला ओंडका मिळून १२. झाले २३०. स्टँड आणि फिल्टर धरा, पावणेतीनशेच्या घरात गेलो. पाहुणे सोफ्यावर बसतात आणि उठून जातात. हे ओझं वर्षानुवर्षं हलत नाही.

म्हणून एकच गोष्ट मनाशी पक्की केली: वजन लाकडावरून लाकडावर, आणि लाकडावरून जमिनीवर गेलं पाहिजे. स्क्रूचं काम फक्त धरून ठेवायचं, पेलायचं नाही. घरी केलेले कितीतरी स्टँड बघाल तर आडवी पट्टी पायाच्या बाजूला चिकटवून दोन स्क्रू मारलेले असतात, म्हणजे अख्खी टाकी त्या आठ स्क्रूंवर टांगलेली. मी प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला तीन इंच खाच घेऊन खांदा काढला आणि लांबीची पट्टी त्या खांद्यावर बसवली. रुंदीच्या पट्ट्या कुसू घालून (टोकाला जीभ काढून ती खाचेत बसवून) पायात. पट्टी तीन बाय पावणेदोन इंचाची (कडी उभी चिरली की अशा दोन निघतात), आणि ती उभी धरायची, झोपवायची नाही. उभी धरलेली पट्टी झोपवलेल्यापेक्षा जवळपास तिप्पट ताठ असते.

आता खिळे. कड्या घेऊन सॉ मिलमध्ये गेलो तर पहिला प्रश्न, "वाड्याचं आहे का? खिळे काढून आणा." बँडसॉच्या पात्याखाली एक खिळा आला तर पातं गेलं, आणि माणसाच्या डोळ्याचीही खात्री नाही. घरी आणून फ्रीजवरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक कडीवरून फिरवलं. एकूण ४१ निघाले. त्यातले काही हाताने घडवलेले, चौकोनी, चपट्या डोक्याचे. ते लेकीने डब्यात भरून ठेवलेत. चाळीस मी शोधले, एकेचाळिसावा रंध्याने शोधला. पात्याला पडलेली खोक अजून दिसते.

रंधकाम आणि जोडकाम मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर. सागाचा भुसा वाऱ्याने उडून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर बसला, तो विषय अजून मिटलेला नाही.

पहिली मोठी चूक पाय कापताना. पहिला पाय मापून कापला, त्याच्यावरून दुसरा आखला, दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी वाढत गेली आणि चौथा पाय पहिल्यापेक्षा चार मिलिमीटर लांब. ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी काही न बोलता एक पट्टी उचलली, तिच्यावर खूण केली, आणि चारही पाय त्या एकाच पट्टीवरून पुन्हा आखले. स्टँडची उंची तीसऐवजी साडेएकोणतीस झाली, एवढंच.

दुसरी चूक स्क्रूची. जिप्सम बोर्डाला मारतात ते काळे स्क्रू आणले. स्वस्त आणि टोकदार, पण ठिसूळ. जुन्या सागात आधी भोक न पाडता मारले तर दोन मुंडक्यापाशी कटकन तुटले आणि धड आतच राहिलं. नंतर स्टीलचे आणले, प्रत्येकाला आधी बारीक ड्रिल, स्क्रूला आंघोळीच्या साबणाची बोटभर चोळणी. लोण्यात जावा तसा गेला.

वर १९ मिमीचा मरीन प्लाय (आयएस ७१० हे मरीन प्लायचं मानक, तो छाप बघून घ्या, ३०३ म्हणजे साधा प्लाय), मागे ९ मिमीचा. मागचा प्लाय शोभेचा नाही बरं का. तो लावायच्या आधी स्टँड बाजूने ढकलला तर नंदीबैलासारखी मान हलवायचा. प्लाय ग्लू-स्क्रूने बसला आणि हलणं बंद.

आणि मग पॉलिश. इथे मी माती खाल्ली.

जोडकाम संपेपर्यंत जुलै उजाडला. थांबायला हवं होतं. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली म्हणून मेलामाइन मारलं. रात्री चकचकीत, सकाळी स्टँडवर कोणी ताक शिंपडल्यासारखी पांढरट झाक. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत ओल असली की ती त्या थरावर धरते आणि आतच अडकते. वर पुन्हा हात मारला, आणखी पांढरं झालं. शेवटी सगळं खरवडलं. तीन रविवार.

दिवाळीनंतर कोरडी हवा आल्यावर पुन्हा सुरुवात. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, १८०, २२०, सगळं रेषेच्या दिशेने. साग तेलकट, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घेतला. सीलरचे दोन हात, मग दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), मॅट, तीन हात, प्रत्येक हातामागे ३२० ने हलकं घासून. हार्डनर डब्यावर दिलंय त्याच प्रमाणात, आणि तासाभरात संपेल एवढंच कालवायचं. तोंडाला साधा रुमाल चालत नाही, काडतूसवाला मास्क घ्या. शेवटच्या हातानंतर दहा दिवस हात लावला नाही.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. पायांचे तळ. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते आणि लाकूड उभ्या रेषेतून पाणी शोषतं, तेही खालून. तळांना अराल्डाइटचा जाड थर दिला आणि खाली रबर. दुसरं, स्टँडच्या आतली बाजू पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली. कुठे थेंब ओघळला तर लगेच दिसतो.

टाकीखाली अर्धा इंच थर्मोकोल ठेवून १० तारखेला पाणी भरलं. मासे अजून नाहीत, फिल्टर सुरू करून ठेवलाय. सूचना, शिव्या, दोन्ही चालतील.

भिंगरी, १५ डिसेंबर

वाचनखूण साठवली. कुरडयांवाल्या काकूंना एकेक गप्पी द्या, विषय मिटेल.

जांभा_चिरा, १५ डिसेंबर

मस्त काम. आमच्याकडे देवगडला एवढे सायास नाहीत. चिऱ्यांचे दोन खांब रचायचे, वर कडप्पा, त्यावर टाकी. वीस वर्षं उभी आहे. वडिलांनी केलेली.

फक्त एक सांगतो, कडप्पा मध्ये वाकत नाही, थेट तुटतो. म्हणून आम्ही मधे तिसरा खांब घातला. लाकडात करायचं झालं तर कोकणात फणस उत्तम. नवा असताना पिवळाधमक, वर्षभरात तांबूस होत जातो. मला तो सागापेक्षा देखणा वाटतो, पण हे देशावरच्या लोकांना सांगून उपयोग नाही.

बीमकॉलम, १६ डिसेंबर

स्थापत्य अभियंता आहे, म्हणून स्लॅबबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो, एवढा वापराचा भार धरतात. कडीवाल्यांची टाकी ०.४२ चौरस मीटरवर पावणेतीनशे किलो टाकतेय, म्हणजे तेवढ्या तुकड्यावर साडेसहाशे पडतो. हा आकडा वाचून घाबरू नका. स्लॅब तेवढ्या तुकड्यापुरता नसतो, भार आजूबाजूला पसरतो. चार धडधाकट माणसं खांद्याला खांदा लावून गप्पा मारत उभी राहिली तर एवढंच होतं. नीट बांधलेल्या आरसीसी इमारतीत तीन फुटी टाकी भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या जवळ ठेवली तर हरकत नाही. खोलीच्या मधोमध नको.

बाहेर काढलेल्या बाल्कनीत अजिबात नको. कोडमध्ये बाल्कनीला भार जास्त धरतात म्हणून काही जण "मग तिथे चालेल" म्हणतात. आपल्या जुन्या इमारतींमधल्या बाल्कन्यांच्या सळया किती गंजल्यात हे कोडला माहीत नसतं. चाळीत किंवा वाड्यात लाकडी जमिनीवर चार फुटांच्या वरची टाकी असेल तर कोणाला तरी दाखवल्याशिवाय भरू नका.

पट्टी उभी धरायचं कारण: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. कड्या वाड्यात उभ्याच बसवलेल्या असतात, बघा. त्या सुतारांना हे सूत्र माहीत नव्हतं, गरजही नव्हती.

सरळसोट, १६ डिसेंबर

एक प्रामाणिक प्रश्न. आठ महिने, तीन कड्या, प्लाय, पीयू, मास्क, पुन्हा पॉलिश. सगळे मिळून किती गेले? दोन-अडीच हजारात पावडर कोटिंग केलेला स्टँड येत होता.

कडीवाला, १६ डिसेंबर

साडेअकरा हजार. त्यातले दोन हजार ऑगस्टच्या मेलामाइनचे, ते पाण्यात. बायकोला हा धागा दाखवू नका.

सुताराचं_पोर, १६ डिसेंबर

आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम. मी शिकून दुसऱ्या धंद्यात गेलो, त्यामुळे आता फक्त चुका काढतो.

खांदा काढलात, शाब्बास. कुसूही बरोबर. पण सागाचा एवढा सोस कशाला? पायावर सत्तर किलो येतात, पायाचं क्षेत्रफळ बारा चौरस इंच. साग याच्या पन्नासपट पेलेल. वजनासाठी एवढं जाड लाकूड लागत नाही, ते सांधे कोरायला जागा मिळावी म्हणून लागतं. नुसत्या १९ मिमी प्लायची पेटी केलीत, दोन बाजू, मागचा पडदा, मधे एक उभा पडदा, तरी ही टाकी आयुष्यभर उभी राहील. उभा प्लाय दाबाला जबरदस्त असतो आणि पेटी मुळात डुलतच नाही. माझे वडील गिऱ्हाइकाला पेटीच करून द्यायचे, वर सनमायका. दोन दिवसांचं काम.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मात्र नाही म्हणजे नाही. कडेने एकदा पाणी प्यायलं की पावासारखं फुगतं.

दुसरं, त्या निळ्या ऑइलपेंटचं काय केलंत? घासलात?

कडीवाला, १६ डिसेंबर

हो, मशीनने. गच्चीवर. का?

सुताराचं_पोर, १६ डिसेंबर

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. घासून त्याची धूळ उडवायची नसते. ओलं करून खरवडायचं किंवा रसायनाने सोलायचं, खाली प्लास्टिक, कचरा पिशवीत बांधून. घरात लहान मूल आहे म्हणून सांगतोय. झालं ते झालं, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

कडीवाला, १६ डिसेंबर

हे खरंच माहीत नव्हतं. मास्कही फक्त पीयूला लावला होता. गच्ची आज पाणी मारून धुतो.

(आणि कुरडया. देवा. काकूंनी त्या टाकून दिल्या होत्या की झटकून घेतल्या, ते आता विचारावं लागणार.)

भिंगरी, १६ डिसेंबर

वरचा माझा गप्पीचा सल्ला मागे घेते.

झाडीपट्टी, १७ डिसेंबर

चंद्रपूरकडचा आहे, सागाचा विषय निघाला म्हणून दोन ओळी. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी सागवान गेलं ते आमच्या बल्लारशाच्या डेपोतून. बाजारात "सीपी टीक" म्हणून जे नाव ऐकता तो हा भाग, जुना मध्य प्रांत. पण आज लागवडीतला कोवळा साग घेतलात तर त्यात बाहेरचा पांढरा भाग भरपूर येतो आणि त्या पांढऱ्यात ना तेल ना टिकाऊपणा. वाळवी आणि भुंगा आधी तिथेच लागतो. वाड्याची कडी म्हणजे बहुतेक सगळं आतलं पक्कं लाकूड, शिवाय शे-दीडशे वर्षं वाळलेलं. ते आता वाकायचं नाही. साडेअकरा हजार वसूल आहेत.

निवांत_नाना, १७ डिसेंबर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

माशांची_मावशी, १७ डिसेंबर

नानांचा प्रतिसाद त्यांनी काढला हे बरं केलं, पण ज्यांनी आधी वाचला असेल त्यांच्यासाठी लिहितेच. वाळवी लागू नये म्हणून स्टँडला क्लोरपायरीफॉस चोळा, असा सल्ला होता. फिशटँकच्या स्टँडला हे कधीही करू नका. घराच्या पायाला वाळवीसाठी वापरतात ते हेच औषध आणि माशांना ते अतिशय विषारी आहे. सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन यांचंही तेच. स्टँडला हात लागला, तोच हात पाण्यात गेला, एवढं पुरतं.

शिवाय हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत डासांचा फवारा मारा, पॉलिश करा, रंग द्या, सगळं पाण्यात जातं. माझ्या नणंदेने टाकी चालू असताना शेजारचं कपाट पॉलिश करून घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळे एंजल मासे वर तरंगत होते. पॉलिश नेहमी बाहेर, किंवा टाकी भरायच्या आधी.

निवांत_नाना, १७ डिसेंबर

ताई, चुकलंच. मी लाकडाचा विचार केला, माशांचा नाही.

गार्डनस्टेट, १८ डिसेंबर

न्यू जर्सीहून. इकडे लाकूड दुकानात तयार कापून मिळतं, पण त्यात एक गंमत आहे. "टू बाय फोर" मागा, हातात येतं दीड बाय साडेतीन इंचाचं. रंधून आकसलेलं, आणि तरी नाव तेच. पहिल्या स्टँडला मी नावाप्रमाणे मापं धरली आणि सगळी चौकट अर्धा-अर्धा इंच चुकली.

इकडच्या टाक्यांना खाली-वर काळी प्लास्टिकची पट्टी असते. टाकी त्या पट्टीवर उभी राहते, तळाची काच अधांतरी. अशा टाकीखाली फोम किंवा थर्मोकोल घालायचं नसतं, नाहीतर फोम मधून वर दाबतो आणि काचेला नको तिथे ताण येतो. कडीवाल्यांची टाकी बिनपट्टीची, तळाची काच थेट टेकणारी, त्यामुळे तिला थर्मोकोल बरोबर. भारतातून टाकी घेणाऱ्यांनी आधी हे बघावं.

सागाचं दुःख मात्र वेगळं. इकडे एवढ्या सागाच्या पैशात मी जुनी गाडी घेईन.

चपडा, १८ डिसेंबर

पीयू, मेलामाइन, हार्डनर, सगळी रसायनं. लाखेच्या चपड्याचं स्पिरिट पॉलिश का नाही केलंत? हवा ओली असली तरी दुरुस्त करता येतं, वास तासाभरात जातो, आणि सागावर जो रंग येतो तो प्लास्टिकच्या डब्यातून येत नाही.

कडीवाला, १८ डिसेंबर

मिस्त्रींनीही हेच सुचवलं होतं, आणि एका फळकुटावर करूनही दाखवलं. दिसायला तेच सगळ्यात सुंदर होतं. त्यावर ओला पेला रात्रभर ठेवला, सकाळी पांढरं कडं. देव्हाऱ्याला मी चपडाच करीन. टाकीखाली रोज चार थेंब सांडणार, तिथे नको वाटलं.

अळशीच्या तेलाचाही विचार होता, पण आमच्याकडे ओल एवढी की वाळायला किती दिवस लागतील कोण जाणे.

सुताराचं_पोर, १८ डिसेंबर

जवसाचं, म्हणजे तेच अळशीचं, तेल कोणी वापरणार असेल तर फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेटतं. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या कारखान्यात भुश्याच्या पोत्याशेजारी झालेलं आहे. फडकं दोरीवर मोकळं पसरून वाळवायचं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवायचं.

लोडशेडिंग, १९ डिसेंबर

सगळे लाकडावर बोलताहेत, मी विजेवर बोलतो. हवेचा पंप स्टँडच्या आत, पाण्याच्या पातळीखाली ठेवलात का? वीज गेली की नळीतून पाणी उलटं येतं, आधी पंपात, मग प्लायवर, मग एक्स्टेन्शन बोर्डावर. दहा-वीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नळीत घाला. आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी खाली पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. बोर्ड स्टँडच्या तळाशी नको, बाजूच्या आतल्या अंगाला वर लावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर टाकीआधी तो बसवा.

कडीवाला, १९ डिसेंबर

व्हॉल्व्ह आहे. झोळ नव्हता, आत्ता केला. बोर्ड तळाशीच होता. उद्या वर घेतो.

पाणसळ, १९ डिसेंबर

एवढं सगळं लिहिलंत, पण पातळी तपासल्याचं कुठेच नाही. स्पिरिट लेव्हल नको, पाणी भरलेलंच आहे. वरच्या काचेच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा. आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन प्रत्येक पायाखाली सरकतं का बघा.

कडीवाला, २० डिसेंबर

मोजलं. उजवीकडे ५०, डावीकडे पुढे ४६, डावीकडे मागे ४५ मिमी. आणि डाव्या मागच्या पायाखाली पोस्टकार्ड सरळ आत गेलं.

पाणसळ, २० डिसेंबर

म्हणजे डावी बाजू चार-पाच मिमी खाली, आणि वर एक पाय अधांतरी. कललेली टाकी काही मिलिमीटरपर्यंत चालून जाते. अधांतरी पाय चालत नाही. तीन पायांवर चौकट पिळली जाते, तिच्याबरोबर तळाची काच पिळते, आणि सिलिकॉनचा सांधा कधी सुटेल याचा नेम नाही. पाणी काढा, निदान दोन तृतीयांश. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये काही घालू नका. जे घालायचं ते पायाखाली.

बीमकॉलम, २० डिसेंबर

सहमत. आणि पुठ्ठा नको, तो दबतो आणि ओला होतो. लादीला उतार असणारच, बांधकामाला दोष देऊ नका. बाल्कनीच्या दिशेने तो मुद्दाम दिलेला असू शकतो.

सुताराचं_पोर, २० डिसेंबर

सनमायकाचे तुकडे. एकेक मिलिमीटरचा असतो, दबत नाही, पाण्याने फुगत नाही. कुठल्याही फर्निचरच्या दुकानात फुकट देतील.

कडीवाला, १८ जानेवारी

उशिरा कळवतोय. गेल्या महिन्यातल्या रविवारी बागेच्या नळीने पाणी काढलं, ते गच्चीवरच्या कुंड्यांना घातलं. डाव्या बाजूला पुढच्या पायाखाली सनमायकाचे चार, मागच्याखाली पाच तुकडे. भरून पुन्हा मोजलं: चारही कोपऱ्यांत ४९, फक्त एका ठिकाणी ५०. तो एक मिलिमीटर मी सोडून दिलाय. पोस्टकार्ड कुठेच जात नाही.

पायाचं रबर मऊ होतं म्हणून तेही काढून टाकलं. तळाचं अराल्डाइट शाबूत आहे, पण लादी पुसणाऱ्या मावशींना तिथे ओलं फडकं फिरवू नका सांगितलंय. त्या मानेने हो म्हणतात.

काकूंनी कुरडया टाकूनच दिल्या होत्या. बायकोने यंदा त्यांच्याबरोबर घालायचं कबूल केलंय, आमच्या गॅलरीत.

माशांची_मावशी, १८ जानेवारी

आणि मासे?

कडीवाला, १९ जानेवारी

पाच आठवडे फिल्टर चालवून अमोनिया, नायट्राइट शून्य आल्यावर सहा कोरीडोरास सोडले. एंजल फेब्रुवारीत.

झाडीपट्टी, १९ जानेवारी

फोटोत पुढून मोकळं दिसतंय. दारं नाहीत का?

कडीवाला, १९ जानेवारी

उरलेल्या कडीतून दोन दारांपुरत्या पट्ट्या निघाल्या आहेत, खिळ्यांच्या भोकांसकट. भोकं बुजवणार नाही असं लेकीने ठरवलंय. दोन्ही चौकटी काल ग्लू लावून क्लॅम्पमध्ये आवळल्यात, उद्या संध्याकाळी सोडवेन. मग पुन्हा ८० नंबरपासून.